एकचा रिकामा रकाना

माझं उजवं मनगट थंडीत दुखतं. नवे डॉक्टर विचारतात, "आजी, जात्यावर दळत होता का?" मी म्हणते, "नाही हो, बेरजा करत होते." मग ते माझ्या मुलाकडे बघतात. मुलाला याची सवय आहे. तो मान हलवून सांगतो की आई खरंच बेरजा करत होती.

साठ सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. अकोल्याला एका सरकारी शेती संशोधन फार्मवर मी 'टायपिस्ट तथा गणक' म्हणून लागले. तेव्हा मी कुमारी नलिनी विष्णू मोहरील. वडील अमरावतीला शाळामास्तर, मी इंटरपर्यंत गणित घेतलेली, टायपिंगची परीक्षा पास झालेली आणि अकोल्यात जठारपेठेत मावशीकडे राहणारी. आज जे काम संगणक करतो ते तेव्हा माणसं करत, आणि आमच्या फार्मवर ते माणूस म्हणजे मी. टेबलाच्या डाव्या अंगाला टाइपरायटर आणि उजव्या अंगाला गणकयंत्र. यंत्र लोखंडी, दांड्याचं. खिट्या सरकवून आकडा लावायचा, दांडा पुढं फिरवला की बेरीज, मागं फिरवला की वजाबाकी; वजाबाकी शून्याखाली गेली की घंटी वाजे. गुणाकार करायचा म्हणजे दांडा फिरवतच राहायचं. मावशीच्या शेजारणीनं ते यंत्र एकदा खिडकीतून पाहिलं होतं. सरकारनं मला शेवया करायला ठेवलंय अशी तिची खात्री झाली, आणि मला बघायला आलेल्या पहिल्या पाहुण्यांना तिनं तसं सांगूनही टाकलं.

आता पेपर पाठवणं म्हणजे काय ते सांगते, कारण घरच्यांना ते मी चाळीस वर्षं सांगतेय आणि कोणाच्या डोक्यात शिरलेलं नाही. शास्त्रज्ञ प्रयोग करतो. मग तो त्याचा लेख लिहितो. तो लेख विलायतेतल्या किंवा दिल्ली-कलकत्त्याच्या एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडे जातो. संपादक तो दोन जाणकारांकडे पाठवतो, आणि हे दोघे कोण ते आपल्याला कधीच कळत नाही. हे म्हणजे मुलगी दाखवायची, पण बघायला आलेले पडद्याआड बसणार. ते चार-सहा महिन्यांनी पत्रानं कळवतात की मुलीचं नाक बसकं आहे, रंग बरा आहे, शिक्षण अजून हवं. ते सगळं दुरुस्त करून पुन्हा दाखवायची. एवढं होऊन पसंत पडली तर छापतात.

आमच्याकडचे पेपर म्हणजे जीवशास्त्र आणि गणित यांचा संसार. कपाशी, किडी, संत्री, आणि त्यांच्यावर केलेले हिशेब. तीन प्रती लागत. कार्बन घालून तिन्ही एकदम टाइप करायच्या, आणि एक अक्षर चुकलं की तिन्ही कागदांवर ब्लेडनं खरवडायचं. ग्रीक अक्षरं मशीनवर नसत, म्हणून जागा सोडून नंतर बोरूनं काढायची. लॅटिन नावांखाली रेघ मारायची. तक्ते वेगळ्या कागदावर लावायचे. डावीकडं दीड इंच समास सोडायचा, कारण तिथं ते जाणकार शेरे मारणार. सगळं पाकिटात घालून बोटीनं जाणाऱ्या टपालात टाकलं की दीड-दोन महिने त्याची काळजी देवाला.

असले तक्ते नीट टाइप करणारं दोन जिल्ह्यांत दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे साहेबांच्या परवानगीनं अमरावतीच्या कॉलेजांतले प्राध्यापकही माझ्याकडे येत. एका प्राध्यापकांनी पेपर पाठवण्याआधी पहिल्या पानाच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. मी नको म्हणाले, ते ऐकेनात. संपादकाचं पत्र आलं: पान एक, वरचा कोपरा, पिवळा आणि लाल डाग आहे, ही आकृती असल्यास तिला क्रमांक द्यावा. दुसरे एक रिद्धपूरचे. त्यांच्या घराण्यात जुन्या पोथ्यांची सांकेतिक लिपी येत असे. आपलं संशोधन नागपूरवाले चोरतील या धास्तीनं त्यांनी सगळी निरीक्षणं त्या लिपीत लिहून ठेवली होती. पेपर टाइप करायला माझ्यापुढं बसले आणि तिसऱ्या पानावर त्यांनाच वाचता येईना. "बाई, आलोच," म्हणून उठले ते थेट रिद्धपूरला चुलत्यांकडे गेले आणि चार दिवसांनी उगवले.

या सगळ्यांचे पेपर छापून येत. शेवटी बारीक टाइपात आभार असत. बियाणं देणाऱ्याचे आभार, जमीन देणाऱ्याचे आभार, 'उत्तेजन' देणाऱ्या प्राचार्यांचे आभार. टायपिस्टचे आभार कोणी मानलेले मला आठवत नाहीत. मला वाईट वाटे, हे कबूल करते. आणि त्याहून मोठी हाव अशी होती की एकदा तरी आपलं नाव छापून यावं, आणि तेही खाली आभारांत नको, वर लेखकांच्या ओळीत. तो सबंध लेख माझ्या बोटांतून गेलेला असे, त्यातला प्रत्येक आकडा मी दांडा फिरवून काढलेला असे. मग माझं नाव का नको?

आमचे साहेब डॉक्टर लिमये पुण्याचे. संख्याशास्त्र शिकून आलेले, बुद्धीनं तल्लख, स्वभावानं तापट, आणि शेताशी संबंध एवढाच की शेत त्यांच्या खिडकीतून दिसे. त्यांना उन्हाचा त्रास होई, धुळीचा होई, आणि वऱ्हाडी बोलण्याचाही होई. फार्मचा शिपाई "सायेब, तुमाले बलावून राहिले" म्हणाला की आपल्याला कोणीतरी दमदाटी केली असं त्यांना वाटे. एकदा त्यांनी मला बोलावलं.

"मोहरीलबाई, मला पहिल्या वेचणीचे आकडे हवेत. झाडागणिक. कुठल्या झाडावर किती बोंडं फुटली, एकेक झाड. नोंदवायला विश्वासाचं माणूस पाहिजे. तुम्ही शेतात जाल?"

मी म्हटलं, जाईन.

"आकडे चांगले निघाले तर पेपरावर माझ्याबरोबर तुमचं नाव घालीन. लेखक म्हणून."

त्यानंतर मी शेतात काय, विहिरीतही उतरले असते.

वेचणाऱ्या आठ बायका होत्या. त्यांची म्होरकी गोदाबाई इंगळे. उंच, काळी, कमरेला कापूस वेचून टाकायचा ओटा बांधलेली, आवाज शेताच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत, जाईल असा. तिचा मुलगा अकोल्याला कचेरीत नोकरीला होता आणि तो बिनकामाचं बसून राहतो असं तिचं मत होतं. मी इस्त्रीचं पातळ नेसून, छत्री आणि वही घेऊन गेले तेव्हा तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "या बाई. तुमी धुऱ्यावर बसा. पऱ्हाटीत येसान त हे पातळ घरी नाई जाणार."

मी धुऱ्यावर बसले. इथंच सगळं चुकलं, पण ते पुढं.

त्या सकाळी बायकांनी आधी सीतादही केलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, थोडा झाडांच्या बुडाशी घालतात. मी ते डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं की दहीभात नेमका किती झाडांना मिळाला. पाच झाडांना म्हटल्यावर त्यांनी ती पाच झाडं प्रयोगातून काढून टाकली, कारण त्यांना बाहेरून खत मिळालं होतं.

मग वेचणी सुरू झाली. बाई झाडापुढं उभी राही, मोठ्यानं मोजे, आणि मी धुऱ्यावरून लिही. मोजणी अशी: "लाभ, दोन, तीन!" पुढचं झाड. "लाभ, दोन!" पुढचं झाड. कधी "काई नाई!" कधी नुसतंच "लाभ!" आणि बाई पुढं सरके. मला वाटलं, पहिली वेचणी आहे, शुभ दिवस आहे, प्रत्येक झाडापुढं आधी देवाचं नाव घेतल्यासारखं 'लाभ' म्हणतात आणि मग मोजतात. वडील नाही का कागदावर आधी 'श्री' काढत? नुसतं 'लाभ' म्हणून बाई पुढं गेली की मी समजे, शुभ शब्द म्हटला खरा, पण झाडावर काही निघालं नाही. तिथं मी शून्य लिही. ओळ चुकू नये म्हणून 'लाभ' ऐकलं की आधी एक ठिपका देत असे, मग आकडा. दुपारपर्यंत दोन वह्या भरल्या. मान वर करून एका तरी झाडाकडे बघितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

ऑफिसात येऊन मी वह्यांवरून स्वच्छ तक्ता केला. ठिपके अर्थातच गाळले. किती झाडांवर शून्य बोंडं, किती झाडांवर एक, किती झाडांवर दोन, असे रकाने पाडले. शून्याचा रकाना भरगच्च. दोनचा चांगला भरलेला. तीनचा, चारचा उतरत गेलेला. आणि एकचा रकाना कोरा. एवढ्या झाडांत एकच बोंड फुटलेलं असं एकही झाड नाही.

डॉक्टरांनी तो तक्ता दोनदा वरपासून खालपर्यंत तपासला. मग म्हणाले, "तुमची नोंद चुकली."

मी म्हटलं, "एक हा आकडा मी सबंध दिवसात ऐकलेला नाही." आणि हे शंभर टक्के खरं होतं.

दोन दिवस ते खोलीचं दार लावून बसले. तिसऱ्या दिवशी आले ते डोळे चमकावत. कपाशीचं पहिलं बोंड एकटं फुटतच नाही, ते जोडीदाराची वाट बघतं, असा त्यांनी सिद्धान्त मांडला होता. त्याला नाव दिलं 'जोडीचा नियम'. त्यासाठी एक सूत्र बसवलं, सूत्रासाठी मी तीन महिने दांडा फिरवला, आणि सूत्र इतकं सुरेख बसलं की मलाही भरून आलं. फार्मवर कोणाला सांगायचं नाही, अशी त्यांची ताकीद. सांगितलं असतं तर पहिलाच शेतकरी पोट धरून हसला असता. पण नागपूरवाल्यांची धास्ती डॉक्टरांनाही होतीच. तोवर कपाशीची ती पऱ्हाटी उपटून तिचं सरपण झालं होतं, त्यामुळे पुन्हा जाऊन बघण्याचा प्रश्न नव्हता.

पेपर टाइप केला. वर दोन नावं: लिमये आणि मोहरील. ती ओळ मी तिन्ही प्रतींवर एकाही खाडाखोडीशिवाय मारली. पेपर पावसाळ्याच्या तोंडावर बोटीनं गेला आणि सहा महिन्यांनी उत्तर आलं. पहिल्या जाणकारानं लिहिलं होतं की निष्कर्ष विलक्षण आहे. दुसऱ्यानं लिहिलं होतं की आपण आयुष्यात कपाशीचं झाड पाहिलेलं नाही, पण आकडे मोहक आहेत. पेपर पसंत. छपाईची मुद्रितं लवकरच येतील. डॉक्टरांनी फार्मवर पेढे वाटले. मी अमरावतीला वडिलांना कळवलं, आणि वडिलांनी शाळेत, देवळात आणि न्हाव्याकडं सांगितलं. माझं नाव आता विलायतेत छापून येणार होतं.

त्याच आठवड्यात मावशीकडे हिवरखेडहून धान्य आलं. तिचा तिकडे शेताचा तुकडा होता. किसनराव तो बटईनं करत आणि दरवर्षी तिचा वाटा आणून टाकत. एरवी ते दिवसा येत आणि मी ऑफिसात असे. त्या दिवशी रविवार होता. मी ओसरीवर केस विंचरत होते. किसनराव अंगणात बसून पायलीनं ज्वारी मापू लागले.

"लाभ... दोन... तीन... चार..."

माझा हात केसांत थांबला.

ज्वारी झाली. मग त्यांनी तुरीचं छोटं गाठोडं सोडलं, पायली भरली, "लाभ" म्हणाले, आणि गाठोडं झटकून घडी केलं.

"किसनराव," मी म्हटलं, "तूर किती झाली?"

"सांगतलं ना वो बाई. लाभ."

"म्हणजे किती?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. कॉलेजात मोजायला शिकवत नाहीत, हे त्यांना आज कळत होतं. "एक नाई का," ते म्हणाले. "एकच पायली हाये. समोर त दिसून राहिली."

त्या रविवारी मी जेवले नाही. मावशीला वाटलं, कोणी स्थळ नाकारलं. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार डॉक्टरांचा नव्हता, शास्त्राचा तर नव्हताच. पहिला विचार असा आला की हे फक्त मला माहीत आहे. मी गप्प बसले तर पेपर छापून येईल. विलायतेत कोण बसलंय कपाशी मोजायला? त्या जाणकारानं तर झाडही पाहिलेलं नव्हतं. माझं नाव छापलं जाईल, वडील तो अंक शाळेत नेतील. एक दिवस आणि एक रात्र मी हे घोळवत राहिले. मग डोळ्यांपुढं असा कोणीतरी आला, माझ्यासारखाच दांडा फिरवणारा, कुठल्या देशातला कोण जाणे, जो आमचा 'जोडीचा नियम' खरा धरून स्वतःचे महिने घालवील आणि त्याची घंटी वाजत राहील. त्या माणसापुढं मला लाज वाटली.

सोमवारी आधी मी गोदाबाईला गाठलं. ती तुरीच्या शेंगा तोडत होती.

"गोदाबाई, झाडाला एकच बोंड फुटलं असेल तर काय म्हणता?"

"लाभ म्हंतो."

"एक का नाही म्हणत?"

"पयल्या येचनीत एक म्हनते का कोनी? एक म्हटलं का एकावरच राह्यते, बाई. मायनं तेच शिकवलं, सासूनं तेच शिकवलं."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं कवा? तुमी त धुऱ्यावर छत्री घेऊन बसल्या होत्या. मले वाटलं, येवढी शिकेल बाई हाये, मोजता त येतच असन." मग माझा चेहरा पाहून तिनं शेंगा खाली ठेवल्या. "कावून वं? काई बिघडलं काय?"

बिघडलं होतं. मी दोन्ही जुन्या वह्या काढल्या आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं: लाभ, पायली, किसनराव, गोदाबाई. चूक माझी आहे, हेही सांगितलं. डॉक्टरांचा राग फार्मला ठाऊक होता. शिपाई दाराशी कान देऊन उभाच होता. डॉक्टरांनी माझ्या हातातली वही घेऊन उघडली.

"हे ठिपके कसले?"

"लाभ ऐकलं की देत होते. ओळ चुकू नये म्हणून."

"म्हणजे ठिपका आणि शून्य असेल तिथं एक. आणि ठिपक्याशिवाय शून्य असेल तिथं खरं शून्य."

"हो."

ते उठले, स्वतः गणकयंत्रापाशी बसले. त्यांनी दांडा हातात घेतलेला मी प्रथमच पाहिला. मी आकडे वाचत गेले, ते फिरवत गेले. दोन तास लागले. एकचा रकाना भरला. शून्य, एक, दोन, तीन अशी उतरंड लागली, अगदी संख्याशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या धड्यात असते तशी. कपाशी शहाण्यासारखी वागली होती. डॉक्टर घाम पुसत त्या तक्त्याकडे बघत होते.

"सुंदर," ते म्हणाले. "आणि संपूर्ण निरुपयोगी. हे जगात सगळ्यांना माहीत आहे." मग टोपी उचलत म्हणाले, "चला, तार करू. मुद्रितं निघायच्या आत पोचली पाहिजे."

तारेचा मजकूर त्यांनी इंग्रजीत लिहिला. त्याचा अर्थ असा की पेपर थांबवा, हरवलेले एक सापडले, पत्र मागून. तारमास्तरांनी तो दोनदा वाचला. "हरवले कोण होते?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कोणी नाही, ते तिथंच होते." तारमास्तरांचा संशय वाढला. परदेशी तार, कोण हरवलं ते सांगत नाहीत, आणि सोबत तरुण मुलगी, जी रडते आहे. शेवटी मी मध्ये पडून सांगितलं की कपाशीची बोंडं हरवली होती. तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "विलायतेले काहून कळवता? पोलिसात जा ना."

मी खरंच रडत होते. नाव गेलं म्हणून रडत होते, उगाच दुसरं कारण सांगत नाही. घरी वडिलांना पत्र लिहिलं. त्यांनी उलट टपाली कळवलं की शाळेत सांगितलेलं आता परत घेता येत नाही, तरी तू केलंस ते योग्य. त्या पत्रावर वरती 'श्री' होतंच.

संपादकांचं उत्तर मात्र आम्ही कल्पना केली नव्हती तसं आलं. पेपर मागं घेतल्याचं दुःख वाटतं, पण ही चूक पेपरापेक्षा उपयोगी आहे. शेतात मोजणी करणाऱ्यांच्या चालीरीती विचारल्या नाहीत तर आकड्यांत न दिसणारी भोकं कशी पडतात, यावर एक पानाचं टिपण पाठवा. डॉक्टरांनी टिपण मला लिहायला लावलं. मी 'लिमये आणि मोहरील' असं टाइप केलं. त्यांनी ते खोडलं.

"चूक तुमची. सापडलीही तुम्हालाच. त्या दिवशी गप्प बसला असता तर मला आयुष्यात कळलं नसतं. माझं नाव कशाला?"

म्हणून वर एकच नाव राहिलं: एन. व्ही. मोहरील. खाली आभारांत गोदाबाई इंगळे, ज्यांनी लेखिकेला मोजायला शिकवलं. गोदाबाईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "माया पोराचं नाव घाला त्याच्याबजाय. त्याले बढती भेटन."

टिपण गेलं, आणि ते छापून यायच्या आत माझं लग्न झालं. अमरावतीचंच स्थळ, माणसं भली. लग्नात ताटभर तांदळांत अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, अनुराधा. आडनाव खोलापुरे. नोकरी सोडली; तेव्हा सोडतच असत, कोणी जबरदस्ती केली नाही आणि कोणी विचारलंही नाही. चार महिन्यांनी डॉक्टरांनी छापील टिपणाची प्रत धाडली. पान उघडलं आणि वर ती ओळ. मी सासूबाईंना दाखवली. त्यांनी इंग्रजी अक्षरं लावून वाचलं आणि विचारलं, "ह्या मोहरीलबाई कोण? तुझ्या माहेरच्या कोणी?" मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, "हो का? मग खोलापुरे का नाही छापलं?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी ते पान ट्रंकेत शालूखाली ठेवून दिलं. इतकी धडपड करून नाव छापून आलं, आणि त्या नावाचं कोणी माणूस आता उरलं नव्हतं. स्वयंपाकघरात भाकरी थापताना याचं मला हसू येई आणि कधी कधी दुसरंही काही येई.

पावसाळ्यानंतर एका सकाळी पोस्टमन अंगणात आला. सासरे झोपाळ्यावर बसले होते. ते कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. आलेल्या प्रत्येक कागदाला उत्तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा धर्म.

"डॉक्टर एन. व्ही. मोहरील इथं राह्यते का?" पोस्टमननं विचारलं. हातात परदेशी कार्ड होतं. ते फार्मवर गेलं होतं, आणि डॉक्टर लिमयांनी फक्त पत्ता खोडून आमच्या घरचा घातला होता. नाव तसंच ठेवलं होतं.

"या नावाचा डॉक्टर इथं कोणी नाई," सासरे म्हणाले. "वापस कर."

पोस्टमन वळला. मी भाकरी तव्यावर टाकून बाहेर आले, हात पिठाचे, आणि म्हटलं, "थांबा. ते माझं आहे." आवाज गोदाबाईसारखा निघाला असावा, कारण पोस्टमन जागच्या जागी थांबला.

सासऱ्यांनी कार्ड घेतलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. कुठल्याशा विद्यापीठातला कोणी गृहस्थ लिहीत होता: प्रिय डॉक्टर मोहरील, आपलं टिपण वाचलं, आमच्याकडच्या मोजणीदारांना विचारल्यावर आमच्याही तक्त्यात तसंच भोक सापडलं, कृपया एक प्रत पाठवावी, आणि असं आणखी काही लिहिलं असल्यास तेही. सासऱ्यांनी कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. आत भाकरी करपल्याचा वास येत होता, पण कोणी उठलं नाही.

"तू डॉक्टर हायेस?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्यांना वाटलं असेल."

तेवढ्यात पोस्टमन म्हणाला, "पाय दुखते माया, त्याचं काई सांगता येईन का?" सासऱ्यांनी त्याला हातानं गप्प केलं.

"उत्तर त जाले पाहिजे," ते म्हणाले. "हातानं लिहून चालते?"

"चालत नाही. टाइप करून पाठवतात. मशीन फार्मवर आहे."

"तुही फार्मवरची जागा भरली का?"

"डॉक्टरांच्या पत्रात होतं, अजून नाही."

सासऱ्यांनी पायानं झोपाळा थांबवला. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. मी पदराला हात पुसत होते, पीठ केव्हाच निघालं होतं तरी पुसत होते.

"मग उद्या सकाळच्या गाडीनं अकोल्याले जा," ते म्हणाले. "साहेबाले विचार, घेते का परत. अन् या कार्डाचं उत्तर टाइप कर. सही मात्र त्याच नावानं करजो. नाई त त्या बिचाऱ्याले वाटन, पेपर छापला अन् बाई मेली."